टमाट्याच्या फुलाला डाळीचं पीठ

एका चंपाषष्ठीला मी टमाट्याचा पराग खंडोबाच्या कपाळाला लावला, आणि त्यानंतर तीन दिवस टमाट्याच्या फुलांना डाळीचं पीठ. दोन्ही गुन्हे माझे. दुसरा पहिला झाकायला केला, म्हणजे तो मोठा. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली, घरची थोरली सून होते. अक्कल यायचं वय नुसतं आलं नव्हतं, उलटून गेलं होतं. आता नातवंडं विचारतात, "आज्जी, खरंच पीठ लावलंस?" मी म्हणते, "चाळून लावलं." चाळलं होतं, हे खरं आहे.

सासरे गेल्यापासून आमच्या घरी शेतातला शेवटचा शब्द सासूबाईंचा. त्या वर्षी माझ्या धाकट्या जावेनं त्यांच्याकडं दहा गुंठे रान मागितलं. तिच्या माहेरी शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, बियाण्याच्या कंपनीसाठी टमाट्याचं संकरित बी तयार करत. ते काम लग्नाआधीपासून तिच्या हातात होतं. लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि या घरात तिनं तोंड उघडून मागितलेली ती पहिली गोष्ट. सासूबाई बराच वेळ सुपारी कातरत बसल्या. मग म्हणाल्या, "एक हंगाम देते. बी पास झालं तर शेडनेट तुझं. न्हाई झालं तर खांब उपटायचे आन् तू आमच्यासंगं कापूस येचायला. मंग पुन्यांदा हा इषय काढायचा न्हाई."

"बरं, आत्याबाई," धाकटी म्हणाली. एवढंच. पण त्या दिवशी तिनं भाकरीला पीठ मळताना दोनदा पाणी जास्त घातलं, तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं की हिचा जीव त्यात अडकलाय.

मला कुठलं कळतंय. मी चुलीपुढं बसून हसत होते. "टमाट्याला कसलं आलंय शेडनेट? आपल्या उकिरड्यावर न इचारता येतंय ते." ही जी हसत होती ना, ती आज रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख देणार नाही.

कंपनीकडून दोन जातींची रोपं आली, एक मादी आणि एक नर. मादीच्या ओळीच ओळी, नराचा एकच वाफा कोपऱ्यात. धाकटीनं मला काम समजावून सांगितलं ते असं. टमाट्याच्या एकाच फुलात नवराही असतो आणि बायकोही. फूल उमललं की ते घरच्या घरी उरकून घेतं, कुणाला पत्रिका नाही की काही नाही. आपल्याला तर त्या फुलाला दुसऱ्या जातीचा नवरा करायचाय. म्हणून उमलायच्या आदल्या दुपारी कळी चिमट्यानं उघडायची, आतली पिवळी नळी अलगद काढून टाकायची आणि मधला केसाएवढा हिरवा दांडा तेवढा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दांड्याच्या टोकाला नराचा पराग लावायचा. मग खूण म्हणून फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांमधल्या दोन कातरायच्या. ज्या फळाच्या डोक्यावर दोन पाकळ्या कमी, ते बियाचं. बाकीची फळं तोडून टाकायची.

धाकटीचा हात बघत राहावा असा होता. उजव्या हातात चिमटा, डाव्या हाताची दोन बोटं कळीखाली, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत ती पिवळी नळी बाहेर. कळीला पत्ता नसायचा. मी पहिल्या दिवशी सात कळ्या धरल्या आणि सातही देठापासून मोडल्या.

"अक्का, तुमी भाकरीच करा," धाकटी म्हणाली. धनगरवाड्यातून सहा बायका या कामाला येत, त्या खाली मान घालून हसल्या. मी रुसून घरी आले आणि भाकरीच केल्या.

परागाला बायका 'पावडर' म्हणत. सकाळी नराची फुलं तोडायची, त्यांच्या पिवळ्या नळ्या कागदावर पसरून बल्बखाली वाळवायच्या, मग तोंडाला तलम कापड बांधलेल्या डब्यात घालून तो डबा उलटा करून हलवायचा. खाली जे पडे ते फिकट पिवळं, मैद्याहून तलम; श्वास जोरात सोडला तरी उडून जाईल असं. धाकटी ते औषधाच्या एका रिकाम्या डबीत भरायची. त्यात ओल शोषून घेणारी बारकी पुडी टाकायची, झाकण घट्ट लावायची आणि डबी माझ्या खोलीतल्या फ्रिजच्या दारात ठेवायची.

"थंड आन् कोरडं ऱ्हायलं की ती झोपती, अक्का. मरत न्हाई."

"पावडर झोपती? मंग घोरत बी आसंल," मी म्हणाले.

मार्गशीर्ष लागायच्या आधी नराच्या वाफ्यावर पानं गोळा व्हायचा रोग आला. कंपनीचा माणूस आठवड्यातून एकदा प्लॉट बघायला यायचा. चष्मा लावलेला, शहरातला; आम्ही त्याला साहेब म्हणायचो. तो म्हणाला, रोग मादीवर जायच्या आत हे सगळं उपटा. धाकटीनं स्वतः उपटलं. मादीच्या झाडांना फुलांचा शेवटचा बहर अजून यायचा होता आणि नराचं एकही झाड उरलं नव्हतं. उरली होती ती फ्रिजच्या दारातली डबी.

आणि सट आली. चंपाषष्ठीला आमच्या घरी दुपारी तळी उचलतात. ताटात खोबरं, भंडारा, पाच पुरुष ताटाला हात लावतात, येळकोट म्हणतात आणि मग देवापासून बैलापर्यंत सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लागतो. त्या वर्षी वांगी भाजण्यात मी गुंतलेली, आणि ऐन वेळी बघते तर देवाची पितळी डबी रिकामी. आदल्या दिवशी मीच ती चिंचेनं घासून, कोरडी करून ठेवली होती आणि तिच्यात भंडारा भरायचा विसरले होते.

आता ऐका हं, माझी अक्कल. नणंदबाई दर वर्षी जेजुरीहून भंडारा आणत, तो औषधाच्या रिकाम्या डबीत. मी दही काढायला फ्रिज उघडला, तर दारात औषधाची डबी. पावडरीची डबी तिथंच असते, हे त्या घाईत माझ्या डोक्यातून साफ गेलेलं. झाकण काढलं, आत पिवळं. मला वाटलं, नणंदबाईंनी आणलेला भंडारा धाकटीनं उचलून इथं ठेवला. आजकालच्या पोरी, मीठसुद्धा फ्रिजमध्ये ठेवतील. रंग जरा फिका होता, जुना असेल. आत एक पुडी होती. देवाचा अंगारा असेल. प्रत्येक शंकेला माझ्याकडं उत्तर तयार. माणूस मूर्ख असला की त्याला उत्तरं फार लवकर सुचतात.

अर्धा मी तळीच्या ताटात ओतला आणि अर्धा देवाच्या पितळी डबीत भरून झाकण लावलं. रिकामी डबी आपली जागच्या जागी, फ्रिजच्या दारात. तळी उचलली गेली. देवाला लागला, सासूबाईंना, दिरांना, बैलजोडीला, मला. जेवायला धाकटी शेडनेटमधून धावत आली, तर सासूबाईंनी तिच्याही कपाळाला बोट टेकवलं. तिनं हात जोडले. आपलं कपाळ आपल्याला दिसत नाही, हे बरंच आहे.

चार घास खाऊन ती निघाली, आणि दारात थांबून मला म्हणाली, "अक्का, तुमच्या फ्रिजात दाराला पावडरीची डबी हाय. कुनाला हात लावू देऊ नका. उद्यापास्नं सगळा खेळ तेवढ्यावरच हाय."

मी मान हलवली. तिच्या कपाळावर दोन भुवयांच्या मधोमध तिचाच नर बसलेला होता, आणि मी मान हलवली.

सांगून टाकायला त्या क्षणी काय हरकत होती? दोन होत्या. एक म्हणजे आमच्या घरचा नियम: देवाच्या डबीत पडलं ते देवाचं, ते माणसाच्या कामाला परत येत नाही. आणि ती डबी भिंतीतल्या ज्या देवळीत असते तिच्या खालीच सासूबाईंची बसायची जागा. दुसरी हरकत जास्त खरी होती. मला वाटलं, फुलाला काय कळतंय? पिवळं लावायचं, पिवळं लावू. कंपनीवाल्यांचे नखरे. टमाटं काय, येणारच.

संध्याकाळी मी हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पातळाच्या तुकड्यातून दोनदा चाळलं आणि डबीत भरलं. रंगाला रंग असा जुळला की मला माझंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ होतं, उजेड कमी, आणि धाकटीला पडसं झालेलं. मी मुद्दाम शेडनेटकडं गेले. बायका बोटात एक अंगठी घालत. अंगठीच्या खड्याच्या जागी इवलीशी वाटी. त्या वाटीत माझं पीठ. फूल वाकवून त्याच्या दांड्याचं टोक वाटीत बुडवायचं, दोन पाकळ्या कातरायच्या, पुढचं फूल.

"आज मला कावून की लई भूक लागायली," त्यांतली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली.

"मलाबी," दुसरी म्हणाली. "कुटं तरी पिठलं शिजायलंय जनू."

"पिठल्याचं नाव काढू नका, आदी ही वळ उरका," धाकटी शिंकत म्हणाली.

तीन दिवस चाललं हे; मग ढगाळ हवेत दोन दिवस कळ्या उमलायच्या थांबल्या. शेवटचा बहर निम्मा पिठानं माखून झाला. आणि सटीपासून सहाव्या दिवशी सकाळी धाकटी न्याहारीला घरी आली नाही म्हणून मी बघायला गेले, तर ती दोन ओळींच्या मध्ये मातीवर बसलेली. पदरात वाळकी फुलं. दोन पाकळ्या कातरलेली, देठाच्या गाठीतून पिवळी पडून गळलेली. ती जिथून गळली त्याच फांदीवर, सटीच्या आदल्या दिवशी पराग लावलेली फुलं होती. त्यांच्या पाकळ्या सुकून मागं सरकल्या होत्या आणि आत ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं, तुकतुकीत, गोल काहीतरी बसलं होतं. एकाच झाडाच्या एकाच फांदीवर. एकाला पिवळं लावलं तर ते मेलं, दुसऱ्याला पिवळं लावलं तर त्यातून टमाटं निघालं. मी ते दाणे बघत उभी राहिले. म्हणजे त्या डबीत खरंच कुणीतरी झोपलेलं होतं.

"पावडर मेली, अक्का," धाकटी म्हणाली. "चार-चार तास लाईट जाती. परळीला एवढी वीज बनती, आन् आपल्या फ्रिजाला मिळत न्हाई. चूक माजीच हाय, म्या त्याच्यावर भरवसा ठिवला. आत्याबाईला आजच सांगते. खांब काढा म्हनते."

ती रडत नव्हती. पदरातली फुलं एक-एक करून मातीत ठेवत होती, अंडी ठेवावीत तशी. मला आयुष्यात खोटं बोलायची कधी अडचण आली नाही, पण त्या दिवशी आली.

"पावडर मेली न्हाई," मी म्हणाले. "म्या खंडोबाला लावली."

तिनं वर बघितलं.

"सटीला. भंडारा समजून. आन् मंग तुला कळू नये म्हनून डबीत डाळीचं पीठ भरलं."

ती माझ्याकडं इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं आता मातीचं ढेकूळ येतंय. पण ती म्हणाली ते एवढंच, "सगळीच लावली?"

"निम्मी. निम्मी देवाच्या डबीत हाय."

ती उठली आणि पळत सुटली. मी तिच्या मागं, चाळिशीतली थोरली सून, चपला हातात घेऊन.

सासूबाई देवळीखाली तूर पाखडत बसल्या होत्या. धाकटीला धाप लागलेली, म्हणून मीच सगळं सांगितलं, पिठासकट. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला; सहा दिवसांनंतर तिथं काही नव्हतं, तरी बघितला.

"पितळी डबी द्या, आत्याबाई," धाकटी म्हणाली.

"देवाला वाहिलेलं परत मागतीस?"

"मागते."

मला वाटलं, संपलं. आमच्या सासूबाई देवाच्या बाबतीत फार कडक. त्यांनी उठून डबी काढली, दोन्ही हातांत धरली आणि देव्हाऱ्यासमोर जरा वेळ उभ्या राहिल्या. देवाशी काय बोलल्या ते देव जाणे. मग वळल्या आणि धाकटीला म्हणाल्या, "परत मागू नगंस. परसाद म्हनून माग. परसाद म्हनून मागितला तर देव न्हाई कशाला म्हनंल?"

धाकटीनं पदर पसरला. "परसाद द्या, आत्याबाई." आणि देवाची डबी तिच्या पदरात आली.

पण सहा दिवस ती पावडर फ्रिजबाहेर होती. जिवंत की मेलेली, कोण सांगणार? साहेबाची फेरी नेमकी त्याच दिवशी होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, "काकू, तुम्ही नेमकं काय वापरलंत?"

"डाळीचं पीठ. चाळून."

"गावठी टमाट्याचा पराग नाही ना लावलात?"

"न्हाई."

"मग वाचलात. पिठानं फळ धरत नाही, पण जात बिघडत नाही. गावठी पराग लावला असतात तर सगळंच बी नापास झालं असतं."

परसातल्या टमाट्याची फुलं आणावीत असा विचार सटीच्या संध्याकाळी माझ्या मनात येऊन गेला होता. फक्त तिथवर जायचा कंटाळा केला. लोक आळसाला नावं ठेवतात. मी ठेवत नाही.

साहेबानं लाकडी पेटीतून सूक्ष्मदर्शक काढला आणि ओट्यावर उन्हात ठेवला. काचेच्या पट्टीवर साखरेच्या पाण्याचा थेंब टाकला, त्यात आणखी कसलीशी पांढरी चिमूट, आणि देवाच्या डबीतली पावडर काडीच्या टोकावर घेऊन त्या थेंबात सोडली. "दोन तास लागतील," म्हणाला. आम्ही तिघी जणी ओट्यावर बसून राहिलो. सासूबाईंनी तूर परत घेतली, पण पाखडली नाही. धाकटीनं चहा केला, तो तसाच निवला.

दोन तासांनी साहेबानं डोळा लावला, बाजूला झाला आणि म्हणाला, "बघा."

धाकटीनं बघितलं. तिनं माझा दंड धरला आणि मला पुढं केलं.

आधी मला माझीच पापणी दिसली. मग उजेड, गोल ताटाएवढा. त्यात ज्वारीसारखे दाणे पडलेले, बारीक, काचेसारखे. बरेचसे नुसते पडून होते. पण मध्येच एकाला शेपूट फुटलेलं होतं. मग दुसऱ्याला. मोड आलेल्या मटकीसारखं, पण मटकीहून कितीतरी नाजूक, पाण्याचंच पाण्यात काढलेलं सूत. साहेब मागून सांगत होता की हीच नळी फुलाच्या दांड्यातून आत उतरते, अंधारात, पार तळाशी असलेल्या बियांपर्यंत वाट काढत जाते. त्या दांड्याएवढी लांबी म्हणजे त्या दाण्याला आमच्या घरापासून लिंबागणेश गावापर्यंत पायी जाण्यासारखं असेल. त्याला वाट कोण सांगतं, मी विचारलं. साहेब म्हणाला, फूलच सांगतं. पण कसं ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. मला त्याचा त्याबद्दल आदर वाटला.

डोळा हटवायचं मला सुचेना. एवढंसं ते. नखाच्या फटीत शेकड्यानं मावेल असं. त्याला मी बैलाच्या कपाळाला फासलं होतं, वाऱ्यावर उधळलं होतं, आणि सहा दिवस पितळेत कोंडून ठेवलं होतं. तरी गोड पाणी मिळाल्याबरोबर ते उठून चालायला लागलं होतं. लेकरं मलाही झाली, पण माझ्या आत असं काही चालत गेलं असेल, हे मला कुणी कधी दाखवलं नव्हतं.

"सर बाजूला, थोरले," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि उभं राहून नुसताच पदर डोक्यावर नीट केला.

त्या पावडरीतली थोडीच जिवंत होती, म्हणून धाकटी प्रत्येक फुलाला दोनदा टोक बुडवायला लावायची. उरलेल्या बहरासाठी डबी पुरली, पार तळ खरवडून. मीही चिमटा मागून घेतला. पहिले दोन दिवस कळ्या मोडल्या, तिसऱ्या दिवशी एक साबूत राहिली. ती मी संध्याकाळपर्यंत चार वेळा बघून आले. पराग लावल्यावर सहाव्या दिवशी तिच्यात ज्वारीचा दाणा दिसला.

फळं पिकली, लालभडक. बायकांनी ती पिळून गर भांड्यात आंबवला, बी धुतलं, जाळीवर वाळवलं. माझ्या पिठामुळं ते ठरल्यापेक्षा कमी भरलं, ते सासूबाईंनी डोळ्यांनी बघितलं. बी तपासणीला गेलं. तिकडं ते पेरून बघतात, सगळी रोपं एका जातीची निघतात का ते. तोवर धाकटी रोज दोरीवरचे कपडे काढताना शेडनेटच्या खांबांकडं बघायची, एक-एक मोजल्यासारखी. मी तिच्याकडं बघायची आणि भाजीत मीठ विसरायची.

उन्हाळा मध्यावर आला तेव्हा साहेबाचा फोन आला. धाकटीनं "हो", "हो", "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि सासूबाईंपुढं येऊन उभी राहिली. "पास झालं, आत्याबाई. थोडं भरलं, पर सगळं पास झालं."

सासूबाईंनी मान हलवली. धाकटी तशीच उभी. तिला हवा असलेला शब्द अजून आला नव्हता, आणि माझ्या पिठानं तो अडला असेल, या विचारानं मी खाली बघत लसूण सोलत होते. एका पाकळीची दोन सालं काढली, मग पाकळीच सोलून टाकली. सासूबाईंनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि बोलल्या त्या माझ्याशीच:

"ऐक थोरले, शेडनेट तिचंच, आन् पुढल्या साली तू तिच्या हाताखाली. एकीला ते कसं करायचं ठाव हाय, आन् दुसरीला ते कसं बिगडतंय ते. घराला दोनी लागत्यात."